एनक्लेक्समध्ये नेमकी ‘सुरक्षित काळजी’तच कमी पडले. नऊ वर्षं आयसीयूत काढून हे कसं झालं?

रातपाळी_बडोदा

नमस्कार. मी बडोद्याची. बी.एस्सी. नर्सिंग, गेली नऊ वर्षं इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत आहे. गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करायच्या परवान्याची परीक्षा, दिली. नापास झाले.

पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. परीक्षेचे 200 डॉलर, परदेशातल्या सेंटरचे वरचे 150, शिवाय गाडीभाडं आणि नवऱ्याच्या दोन रजा. पण मी हे लिहितेय ते निकालाच्या कागदामुळे. नापास झालेल्यांना विषयवार कागद मिळतो. प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक शेरा असतो: उत्तीर्ण पातळीच्या वर, जवळपास किंवा खाली. माझी औषधं वर. शरीराची गुंतागुंत, म्हणजे शॉक, व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) वगैरे, तेही वर. आणि ‘काळजीचं व्यवस्थापन’ खाली, ‘सुरक्षितता व संसर्ग प्रतिबंध’ही खाली.

कागद वाचला तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं तरी मला कळलं नाही. सासूबाई आतून धावत आल्या. त्यांना काय सांगू? जे काम मी रोज बारा तास करते, ज्याच्यावर माझं घर चालतं, तेच मला येत नाही असं त्या कागदावर लिहिलं होतं.

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे आधी कबूल करून घेतात, म्हणून ते लिहीत नाही. सरावाच्या संचातले माझे चुकलेले तीन देते.

पहिला. चार रुग्ण आहेत. सीओपीडीचे (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) आजोबा, ऑक्सिजन सॅच्युरेशन 89. गुडघा बदललेल्या बाई, दुखणं दहापैकी सात. मधुमेही गृहस्थ, साखर 260. थायरॉइड काढून दुसरा दिवस असलेल्या बाई, म्हणतात ओठांभोवती मुंग्या येतायत. आधी कोणाकडे जाल? मी आजोबांकडे गेले. श्वास पहिला, हेच आपण शिकलो ना.

दुसरा. मदतनीसाकडे कोणतं काम सोपवाल? मी निवडलं: अर्धांगाचा झटका येऊन काल दाखल झालेल्या रुग्णाला पहिलं जेवण भरवणं. आमच्याकडे ते आयाबेनच करतात, नाहीतर घरचं माणूस.

तिसरा. ऑपरेशनच्या सकाळी रुग्ण म्हणतो, सही केली पण नक्की काय करणार ते मला समजलं नाही. मी निवडलं: नर्स सोप्या शब्दांत ऑपरेशन समजावून सांगते.

तिन्ही चूक. पुन्हा बसायला निदान 45 दिवस थांबावं लागतं. मुलगा सहा वर्षांचा आहे, तो नऊला झोपतो, मग माझे दोन तास. त्या दोन तासांत काय करू? आणखी हजार प्रश्न सोडवू की मुळातच काहीतरी वेगळं शिकायचं राहिलंय?

---

रावपुरा_ते_ह्यूस्टन

ताई, मीही बडोद्याचाच. रावपुऱ्यात वाढलो, सहा वर्षं ब्रदर म्हणून वॉर्डात राबलो, आता चार वर्षं ह्यूस्टनला मेडिकल-सर्जिकल युनिटला आहे. मीही दुसऱ्या खेपेला पास झालो आणि माझ्याही कागदावर ‘व्यवस्थापन’ खालीच होतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक विचारतो. प्रश्न कितीपर्यंत गेले होते? 150 पर्यंत गेले असतील तर तुम्ही समजता तेवढ्या मागे नाही. ही परीक्षा उत्तरं बघत बघत पुढचा प्रश्न निवडते, आणि तुम्ही पातळीच्या वर की खाली हे 95 टक्के खात्रीने ठरलं की थांबते. कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150. शेवटपर्यंत गेली म्हणजे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तुम्ही रेषेच्या अगदी काठावर होतात.

आता तुमचे तीन प्रश्न. एकाच खोडाच्या तीन फांद्या आहेत त्या.

सीओपीडीच्या आजोबांचं 89 हे त्यांचं नेहमीचं आहे. त्या रुग्णात 88 ते 92 हेच आपण धरून चालतो. गुडघा बदलल्यावर दुखणारच. मधुमेह्याची साखर 260 झाली, बघायला हवी, पण पुढच्या पाच मिनिटांत काही होत नाही. ओठांभोवतीच्या मुंग्या मात्र त्या बाईच्या ऑपरेशनमध्ये ‘होणारच’ या खात्यात बसत नाहीत. थायरॉइड काढताना पॅराथायरॉइडला, म्हणजे त्याला लागून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना, धक्का बसला असेल, कॅल्शियम उतरतंय, आणि ते आणखी उतरलं तर स्वरयंत्र आवळतं. म्हणजे श्वास पहिला हे तुमचं सूत्र बरोबरच होतं. फक्त कोणाचा श्वास जाणार आहे ते बघायचं होतं. चार रुग्ण दिले की प्रत्येकापुढे मनात एकच प्रश्न ठेवायचा: या आजारात हे अपेक्षित आहे का? जिथे उत्तर ‘नाही’ येईल तिकडे पाय वळवायचे.

दुसरा प्रश्न. भरवणं मदतनीस करू शकते, पण कोणाला? झटका आल्यावर गिळता येतंय की नाही हे कोणी तपासलेलंच नाही. पहिला घास म्हणजे तपासणी आहे, आणि तपासणी सोपवता येत नाही. तपासणं, शिकवणं, झालेल्याचा परिणाम जोखणं आणि जिथे डोकं चालवावं लागतं ते सगळं आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं. स्थिर रुग्णाला चालवणं, अंघोळ, वजन, लघवी मोजणं, स्थिर रुग्णाचं बीपी-नाडी हे मदतनिसाचं. मधे एलपीएन असते, आरएनच्या हाताखालची परवानाधारक नर्स. स्थिर रुग्णाची गोळ्या-औषधं, ड्रेसिंग, कॅथेटर तिच्याकडे देता येतं, पण नव्याने दाखल झालेल्या रुग्णाची पहिली तपासणी नाही. आणि सोपवलं म्हणजे हात झटकले असं होत नाही. काय करायचं, कोणता आकडा दिसला तर मला लगेच सांगायचं, हे बोलायचं आणि नंतर स्वतः जाऊन बघायचं.

मला सगळ्यात जड गेलं ते हे. आपण बडोद्याच्या वॉर्डातून उत्तर देतो. वीस रुग्ण, एक सिस्टर, एक आयाबेन, सक्शन मशीन शेजारच्या वॉर्डातून आणायचं. त्यामुळे आपल्या डोक्यात आपोआप काटछाट सुरू होते: एवढं कोण करणार, हे नातेवाईक करतील. परीक्षेतल्या हॉस्पिटलात माणसं पुरेशी आहेत, सामान हाताशी आहे आणि तुमच्यासमोर फक्त त्या प्रश्नातला रुग्ण आहे. तिथे वेळ वाचवणारं उत्तर निवडलं की चुकलंच. मी आठ दिवस प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे लिहीत गेलो की ते मी का निवडलं. तीनपैकी दोन वेळा कारण एकच निघालं, ‘आमच्याकडे असंच करतात’. हजार प्रश्नांपेक्षा त्या वहीने मला जास्त दिलं.

बारीक गोष्टी चटकन सांगतो. औषधांची अमेरिकी नावं पाठ हवीत: पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, पेथिडिन मेपेरिडिन. ताप फॅरनहाइटमध्ये येतो, वजन पौंडात येऊ शकतं, 2.2 ने भागल्याशिवाय डोस काढू नका. ‘लागू असतील ती सर्व निवडा’ या प्रश्नात बरोबरला एक गुण मिळतो, चुकीला एक कापतात, पण शून्याखाली जात नाही. म्हणून खात्री नसलेल्या पर्यायावर खूण करू नका. आणि मागे जाता येत नाही, तेव्हा गेलेला प्रश्न मनातून सोडून द्या. मी पहिल्या खेपेला एकाच प्रश्नावर अर्धा तास कुढत बसलो होतो आणि पुढचे दहा त्याच्यापायी गेले.

तिसऱ्या प्रश्नाचं इथे कोणीतरी माझ्याहून चांगलं सांगेल.

---

हात_धुवा

मी बडोद्यातच संसर्ग प्रतिबंधाचं काम बघते, माझ्यापुरतं लिहिते.

हवेतून पसरणारे तीन आधी पक्के करा: क्षय, गोवर, कांजिण्या. अंगभर पसरलेली नागीणही त्यांच्यातच. निगेटिव्ह प्रेशरची खोली, दार बंद, आपल्याला एन-95. तुषारांनी पसरणारे: फ्लू, डांग्या खोकला, गालगुंड, घटसर्प, मेनिंगोकोकल मेंदूज्वर. त्यांना साधा सर्जिकल मास्क पुरतो. स्पर्शाने: एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जंतू), खरूज, सी. डिफ (जुलाब करणारा आतड्याचा जंतू). कांजिण्यांना हवेची आणि स्पर्शाची, दोन्ही काळजी.

आपण अडकतो त्या जागा सांगते. क्षयाच्या रुग्णाला एक्स-रेला नेताना एन-95 रुग्णाला घालत नाहीत, त्याला सर्जिकल मास्क. सी. डिफच्या रुग्णानंतर हाताला सॅनिटायझर चालत नाही, त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच. आपल्याकडे प्रत्येक खाटेच्या दांड्याला बाटली टांगलेली असते, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो आणि उत्तरही तिकडेच जातं. पीपीई काढताना ग्लोव्हज आधी, मग गॉगल, मग गाऊन आणि मास्क सगळ्यात शेवटी. एन-95 असेल तर तो खोलीबाहेर येऊन, दार लावून.

एका खोलीत कोणाला ठेवायचं हा प्रश्न आला की ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ताजी जखम आहे त्याच्याशेजारी संसर्ग असलेला रुग्ण कधीच नाही. एवढं धरलं तर निम्मे पर्याय लगेच गळतात.

---

निवृत्त_ट्यूटर_दांडियाबाजार

बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी 28 वर्षं नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं, आता घरी असते. परदेशी जाणाऱ्या मुली रविवारी माझ्याकडे प्रश्न घेऊन येतात, तेव्हा या परीक्षेशी माझी ओळख त्यांच्यामार्फत झाली. ब्रदरने लिहिलंय ते योग्यच आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहिते, कारण त्यात तुझी चूक नाही, आमची आहे. आम्ही तुम्हाला तसंच शिकवलं.

आपल्याकडे संमतिपत्र म्हणजे सिस्टरने सह्या घ्यायचा कागद. रुग्ण खाटेवर पडलेला, सही मुलाची किंवा जावयाची, आणि सिस्टर म्हणते ‘इथे करा आणि इथे’. तुला तो रुग्ण कळवळून विचारतोय हे दिसलं आणि तू समजावून सांगायला गेलीस. तुझं मन चांगलं आहे. पण ऑपरेशन काय, धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे सांगायचं काम जो कापणार आहे त्याचं. नर्स सहीची साक्षीदार असते: सही याच माणसाने केली, शुद्धीत केली, कोणी बळजबरी केली नाही. रुग्ण म्हणाला ‘मला समजलं नाही’ की तिची साक्ष तिथेच संपते. तिने सर्जनला बोलवायचं आणि ते येऊन बोलेपर्यंत रुग्णाला थिएटरकडे न्यायचं नाही. ट्रॉली आली असली तरी नाही. आपल्याकडे ट्रॉली थांबवणारी सिस्टर उद्धट ठरते. त्या परीक्षेत ट्रॉली न थांबवणारी नापास होते, आणि मला विचारशील तर परीक्षेचं बरोबर आहे.

याच्याच शेजारी दुसरी गोष्ट. आपल्याकडे कॅन्सर निघाला की मुलाला बाहेर पॅसेजमध्ये बोलावून सांगतात आणि आत येताना सगळे हसतमुख. मी स्वतः असं शेकडो वेळा पाहिलंय आणि त्या हसण्यात भाग घेतलाय. फोनवर कोणी विचारतं, ‘बेन, पप्पाने केम छे?’ आणि आपण भडाभडा सगळं सांगतो, पलीकडे मुलगा आहे की शेजारी हेही बघत नाही. अमेरिकेत 1996 सालचा हिपा नावाचा कायदा आहे. रुग्णाची माहिती रुग्णाची. शुद्धीवर असलेल्या, समजत असलेल्या रुग्णाला आधी विचारायचं की कोणाला काय सांगू. त्याने उपचार नको म्हटलं तर तेही ऐकायचं, घरच्यांनी कितीही हात जोडले तरी. हे आपल्या मनाला कठोर वाटतं. कुटुंबाने आजाऱ्याला सांभाळायचं ही आपली रीत आहे आणि मी ती वाईट म्हणणार नाही. पण प्रश्न सोडवताना खाटेवरच्या माणसाकडे बघ, दारात उभ्या असलेल्यांकडे नंतर.

आता ‘डॉक्टरांना कळवा’. चार पर्यायांत हे दिसलं की आपल्या मुली डोळे मिटून तिथे बोट ठेवतात. मी सांगते, त्याच्याआधी स्वतःला विचारायचं: माझ्या हातात आत्ता काही आहे का? रक्त चालू आहे आणि रुग्णाला थंडी वाजली, कंबर दुखायला लागली. आधी रक्त बंद. मग नवी नळी लावून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवायची, रुग्णाजवळ थांबायचं, मग फोन. रक्त चालू ठेवून फोन करायला पळाली ती चुकली. पोटाचे टाके उसवून आतडं बाहेर आलं, तर रुग्णाला सोडून जायचं नाही. डोकं थोडं वर, गुडघे दुमडलेले, आतड्यावर सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक कापड, आणि सर्जनला हाक दुसऱ्याने मारायची. हातात करण्यासारखं काही उरलंच नसेल तेव्हा फोन हेच पहिलं काम. आणि माहिती अपुरी असेल तर आधी तपास. माहिती प्रश्नातच पुरेशी दिली असेल आणि तरी तू ‘पुन्हा तपासते’ निवडलंस तर तू वेळ घालवलास.

शेवटचं सांगते, आणि हे लिहायला मला जड जातंय. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी ज्या वॉर्डात मुली घेऊन जात असे तिथे एकाच ट्रेमध्ये सलाईनच्या आणि पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूल शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. दोन्हीत पाण्यासारखं पातळ औषध. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शीर फ्लश करायला सिरिंज भरून निघाली. वॉर्डातल्या सिस्टरने वाटेत तिच्या ट्रेमधली फुटकी ॲम्प्यूल पाहिली आणि तिचं मनगट धरलं. पोटॅशियमच होतं. दहा मिलीच्या त्या ॲम्प्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं, ते एका दमात शिरेत गेलं असतं तर हृदय थांबलं असतं. मुलगी थरथर कापत होती. मी तिला सगळ्यांसमोर रागावले. इतकी रागावले की ती दोन दिवस जेवली नाही. आणि कागदावर? काहीच नाही. कोणी एक ओळ लिहिली नाही, मीही नाही. ट्रे तसाच राहिला.

त्या मुलीची चूक होतीच. पण ट्रे तसा ठेवणं ही कोणाची चूक होती, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. परीक्षेत घटनेच्या नोंदीचे प्रश्न येतात तेव्हा मला तो ट्रे आठवतो. चूक झाली किंवा होता होता राहिली, तर आधी रुग्ण बघायचा, मग डॉक्टरांना सांगायचं, मग नोंद. केसपेपरवर फक्त घडलेलं लिहायचं: कोणतं औषध, किती, कधी, रुग्ण कसा आहे, कोणाला कळवलं. ‘घटनेचा अहवाल भरला’ असं केसपेपरवर लिहायचं नाही, तो अहवाल वेगळा, हॉस्पिटलने सुधारावं म्हणून असतो. आपल्याकडे अहवाल म्हणजे मेमो, मेमो म्हणजे पगार कापला, म्हणून आपला हात लपवण्याकडे जातो. तू ही परीक्षा देऊन कुठेही जा किंवा बडोद्यातच राहा, पण हा एक भाग गुणांसाठी म्हणून वाचू नकोस.

---

रातपाळी_बडोदा

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. ब्रदर, हो, 150 पर्यंत गेले होते. तुम्ही लिहिलंत ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, काठावरून परत यायचं नसतं.

वही केली. गेल्या बारा दिवसांत 140 प्रश्न सोडवले, त्यांतले 51 चुकले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं. 29 ठिकाणी ‘आमच्याकडे असंच करतात’. 11 ठिकाणी ‘डॉक्टरांना कळवते’. बाकीचे खरोखर न येणारे. म्हणजे मला न येणारं फार थोडं आहे. वही पुढे ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते.

मॅडम, परवाच्या रात्री अडीच वाजता फोन आला. खाट पाचवरच्या काकांची तब्येत कशी आहे, मी पुतण्या बोलतोय. मी नेहमीसारखं तोंड उघडलं आणि थांबले. म्हटलं, ते शुद्धीवर आहेत, सकाळी त्यांना विचारून सांगते. पलीकडून आवाज चढला. सकाळी काकांना विचारलं तर ते म्हणाले, त्याला काही सांगू नका, आमचा जमिनीचा वाद चाललाय. नऊ वर्षांत मी असे किती फोन घेतले असतील. कोणाच्या घरात काय चालू होतं मला काय माहीत.

पोटॅशियमचं वाचून ड्यूटीवर गेल्या गेल्या आमचा ट्रे बघितला. आमच्याकडे ते वेगळं ठेवतात, लाल पट्टी लावून, पण काढताना दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं असतं ते रात्री कोणी करत नाही. काल मी माझ्या जोडीदारणीला हाक मारली. ती म्हणाली, आज काय झालंय तुला? मी म्हटलं, बघ ना जरा. तिने बघितलं.

एक प्रश्न अजून अडतो. आमच्या आयसीयूत रुग्ण नळी ओढेल म्हणून आम्ही गॉजच्या पट्टीने हात खाटेच्या कठड्याला बांधतो. सगळीकडे तेच पाहिलंय. सरावात त्यावरचे चारही प्रश्न चुकले. यात नक्की काय धरायचं? आणि केस स्टडीत पहिले दोन प्रश्न जमतात, पुढे गाडी घसरते.

---

रावपुरा_ते_ह्यूस्टन

केस स्टडीचं मी सांगतो, बांधण्याचं मॅडम सांगतील.

एका केसमागे सहा प्रश्न असतात आणि त्यांची चाल ठरलेली आहे: कोणत्या खुणा महत्त्वाच्या, त्यांचा अर्थ काय, सगळ्यात मोठा धोका कोणता, काय काय करता येईल, त्यातलं आत्ता काय करायचं, आणि केल्यावर रुग्ण सुधारला का. एप्रिल 2023 पासून ही पद्धत आहे. तुमची गाडी तिसऱ्यावर घसरतेय. पहिल्या दोनमध्ये तुम्ही सगळ्या खुणा गोळा करता, पण ‘मोठा धोका एकच’ हे निवडताना दोन-तीन हातात धरून ठेवता, आणि मग पुढचे तीन त्या दोन-तीन दिशांना पळतात. रात्री हँडओव्हर घेताना एक करून बघा. प्रत्येक रुग्णापुढे एकच वाक्य लिहा: आज रात्री हा कशाने बिघडू शकेल? सकाळी पडताळून बघा. अभ्यासाचे दोन तास घरी आणि हा सराव ड्यूटीवर, दोन्ही होतील.

---

निवृत्त_ट्यूटर_दांडियाबाजार

तो पुतण्याचा फोन वाचून बरं वाटलं, बाळ.

बांधणं हा शेवटचा उपाय. आधी बाकीचं करून बघायचं: खाट नर्सच्या नजरेसमोर आणायची, घरचं माणूस जवळ बसवायचं, नळी बाहीखाली झाकायची, दुखतंय का बघायचं, लघवी लागली आहे का विचारायचं. म्हातारी माणसं रात्री ओढाताण करतात ती कितीदा लघवीपायीच. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या लेखी आदेशाने. ‘गरज पडल्यास बांधा’ असा आदेश तिथे चालत नाही. गाठ एका ओढीत सुटणारी. कठड्याला कधीच नाही, खाटेच्या हलणाऱ्या चौकटीला. कठडा खाली केला की हात पिरगळतो, म्हणून. पट्टी आणि मनगटात दोन बोटं गेली पाहिजेत. बोटांचा रंग, ऊब, नाडी बघत राहायचं, ठरल्या वेळेला सोडून हात हलवायला द्यायचा, पाणी विचारायचं. आणि प्रत्येक वेळी लिहायचं की अजून बांधून ठेवायची गरज आहे का.

गाठ वाचून येत नाही. रविवारी दुपारी चारनंतर माझ्याकडे ये. खुर्चीला बांधून दाखवते, तूही माझा हात बांध. मुलाला घेऊन आलीस तरी चालेल, शेजारच्यांचा नातू त्याच्याच वयाचा आहे. पत्ता इथे लिहीत नाही, निरोप पाठव. आणि येताना तो निकालाचा कागद आण.